प्रतिसाद: पिस्तुलाला लाइट-लेझर लावावा काय?

भाऊ, रात्री शेतात जागलीला जाताना परवान्याच्या पिस्तुलाला लाइट-लेझर लावावा काय, असं तुम्ही विचारलं. आधी नळीखाली रेल, म्हणजे लाइट बसवायची खाचेची पट्टी, आहे काय ते पाहा. जुन्या .३२ बोअरच्या पिस्तुलाला बहुधा नसते, मग विषयच संपला.

रेल असली तरी माझं मत, हातातला टॉर्च तो हातातलाच असू द्या. बंदुकीवरच्या लाइटनं काही पाहायचं म्हणजे नळी तिकडं रोखावी लागते. आपल्याकडं रात्रीची लाइन आली की शेजारी हरभऱ्याला पाणी द्यायला धुऱ्यावर उभा असतो. तुरीत खसखस झाली, रोही (नीलगाय) असेल म्हणून लाइट मारला अन् समोर तो निघाला तर? ओळख पटायच्या आधीच माणसावर पिस्तूल रोखलं गेलं ना बाप्पा!

पिस्तुलाला लावायचा स्ट्रीमलाइट कंपनीचा टीएलआर-८ घ्या, त्याचा पहिला नमुना ५०० ल्यूमेन उजेडाचा, सोबत लाल लेझर. पण एका सीआर१२३ए सेलवर चालतो दीड तास. जागल रात्रभराची. हिरव्या लेझरचा ठिपका डोळ्याला लालपेक्षा जास्त ठळक दिसतो, पण तो सेल लवकर खातो. शिवाय लेझर नळीच्या खाली बसतो, म्हणून ठिपका अन् गोळी जुळवलेल्या अंतरावरच एकत्र येतात. पुढं-मागं फरक पडतो. लाइट लावला की पिस्तूल जुन्या होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) बसत नाही, ते वेगळंच.

अन् डुकरासाठी म्हणत असाल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडू नका. तेवढ्या पैशात कुंपणाच्या तारेला झटका देणारी झटका मशीन पाहा.