प्रतिसाद: डॉट ऑनलाइन घ्यावं की डॉट इन?

वेबसाइटच्या पत्त्याच्या (डोमेनच्या) शेवटी काय घ्यावं, हा प्रश्न आहे. पहिल्या वर्षाचा भाव पाहून डॉट ऑनलाइन घेऊ नका. नूतनीकरणाचा दर आधी पाहा. तो कित्येक पट असतो आणि दरवर्षी भरावा लागतो. गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर डॉट इन उत्तम. परदेशातही माल पाठवणार असाल तर डॉट कॉम, आणि जमल्यास दोन्ही घ्या. एका पत्त्यावर आलेल्याला आपोआप दुसऱ्यावर वळवता येतं. डॉट भारत २०१४पासून देवनागरीत मिळतं. मला ते मनापासून आवडतं, पण जोडीला ठेवा: यंत्रणेत ते 'एक्सएन--'ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत साठवलं जातं आणि बरेच जुने ऑनलाइन फॉर्म डॉट भारतवरचा ईमेल पत्ता नाकारतात. नोंदणी मात्र स्वतःच्याच नावावर आणि ईमेलवर करा, वेबसाइट बनवणाऱ्याच्या नव्हे.