शापित जहाज (१९७४): दोष खेळण्यातल्या जहाजाचा की गायब घोड्यांचा?

काळी_मेणबत्ती

आमांदो दे ओसोरिओचा 'एल बुके माल्दितो' म्हणजे मेल्यावर उठणाऱ्या आंधळ्या टेम्पलर सरदारांच्या (मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्ये) चार स्पॅनिश सिनेमांतला तिसरा. एका बोटीच्या जाहिरातीसाठी दोन मॉडेल मुलींना भर समुद्रात सोडलेलं असतं. धुक्यातून जुनं गॅलिअन, म्हणजे शिडाचं मोठं जहाज येतं आणि त्या नाहीशा होतात. त्यांच्या शोधात गेलेली मंडळीही त्याच जहाजावर अडकतात. जहाजाच्या पोटात शवपेट्या, आणि पेट्यांत टेम्पलर.

शेवटी जळणारं ते खेळण्यातलं जहाज दाखवून लोक हा सिनेमा निकालात काढतात. मला वाटतं, खरा घात घोडे काढल्यामुळे झाला. १९७२च्या पहिल्या भागात हे मुडदे घोड्यांवर, स्लो मोशनमध्ये येतात. टापांचा वेग आणि स्वप्नातला संथपणा एकाच दृश्यात. पायी चालणारा टेम्पलर मात्र इतका हळू की धडधाकट माणूस त्याच्या बाजूने सहज निघून जाईल. मग दिग्दर्शकाला सावजच जागच्या जागी उभं करून किंचाळायला लावावं लागतं. इथे ते वारंवार होतं.

जहाजावर घोडे आणता येत नाहीत, कबूल. पण मग जहाजाच्या अडचणीच्या जागेचा उपयोग करायचा होता. वर यायची शिडी कुठे, शवपेट्या तिच्यापासून किती लांब, दुसरी वाट आहे का, हे सुरुवातीलाच वीस सेकंदांच्या एका शॉटमध्ये दाखवलं असतं, तर पुढे शिडीच्या तोंडाशी उभा असलेला एकच टेम्पलर पुरला असता. तो नकाशा शेवटपर्यंत आपल्या डोक्यात तयारच होत नाही.

फ्रेमगणित

असहमत. मिनिएचरचा, म्हणजे त्या छोट्या प्रतिकृतीचा दोष इतका हलका नाही. सगळा सिनेमा ज्या जहाजावर उभा, तेच खोटं दिसलं की उरलं काय?

ते खोटं का दिसतं? पाणी आणि आग लहान करता येत नाहीत. पाच मिलिमीटरचा थेंब पाचच मिलिमीटरचा राहतो. १:२५ प्रमाणाच्या जहाजाशेजारी तो नारळाएवढा वाटतो. ज्वाळांचंही तेच. मोठ्या आगीत शेकडो जिभा असतात, मिनिएचरवर चार-पाच.

उपाय तेव्हाही माहीत होते. प्रमाणाच्या वर्गमुळाइतक्या पट वेगाने कॅमेरा चालवायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ आणि जड वाटते. १:२५ असेल तर पाचपट, म्हणजे सेकंदाला नेहमीच्या २४ ऐवजी १२० फ्रेम्स. पण ३५ मिमीचं ४०० फुटांचं रीळ म्हणजे ६४०० फ्रेम्स. ते ५३ सेकंदांत संपतं. प्रत्येक फ्रेमला उजेड पाचव्या हिश्श्याने मिळतो. वर पुढून मागपर्यंत सगळं स्पष्ट दिसायला अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) बारीक, एफ ११ किंवा १६ ठेवायचं, म्हणजे दिव्यांचा ढीग लागतो. खर्च असतो तो फिल्म आणि दिव्यांचा, लाकडी जहाजाचा नव्हे. कॅमेरा पाण्याच्या पातळीला हवा. वरून बघितलं की टब दिसतो. पाण्यात थोडा साबण टाकला तर थेंब बारीक होतात, जास्त पडला तर फेस येतो.

धुक्याची_बाजू

दोघांनीही सिनेमाच्या मधल्या भागावर अन्याय केला आहे. बाकी रेटारेटीचं आहे हे मान्य, पण धुक्यातलं ते जहाज मला मनापासून आवडतं, आणि कमी पैशात कसं काम करावं याचा तो चांगला धडा आहे.

धुकं क्षितिज झाकतं, त्यामुळे समुद्र लागतच नाही. आकाश दिसत नाही, त्यामुळे दिवसा चित्रण करून रात्र दाखवताना होणारी मुख्य फजिती टळते. डेकचा तुकडा स्टुडिओत उभा केला तरी चालतो. त्यावर आंतोन गार्सिआ आब्रिलचं प्रार्थनेसारखं संगीत आलं की अंगावर काटा येतो.

हे धुकं सांभाळणं सोपं नसतं. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. गरम पाण्यात टाकला की वाफ जमिनीलगत पसरते, पायऱ्यांवरून ओघळते. पाणी गार झालं की काही मिनिटांत जोर संपतो, म्हणून एका शॉटमध्ये धुकं गुडघ्यापर्यंत आणि पुढच्यात घोट्यापर्यंत. शिवाय त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खालीच साचतो. बंद सेटवर शवपेटीत पडलेल्या नटाचा जीव गुदमरू शकतो. दोन टेकच्या मध्ये दारं उघडावीच लागतात. तेलाचा धूर हवेत तरंगतो, पण तो सगळीकडे सारखाच पसरतो आणि चित्र मिळमिळीत होतं.

काळी_मेणबत्ती

धुक्याबद्दल पूर्ण सहमत. पण आवाजाचं काय? हे टेम्पलर आंधळे आहेत, कानाने शिकार करतात. पहिल्या भागात नायिकेच्या हृदयाचे ठोकेसुद्धा त्यांना ऐकू जातात. त्या सगळ्या मालिकेतली सर्वात सुंदर कल्पना तीच. इथे लोक डेकवरून खाली मोठ्याने हाका मारतात! तेव्हाच्या स्पॅनिश सिनेमांत आवाज बहुधा नंतर स्टुडिओत भरत. म्हणजे दहा वाक्यं गाळून त्या जागी फळीची करकर आणि श्वास टाकायला चित्रणाचा एक दिवसही वाढला नसता. हा दोष पैशांचा नाही, आपलाच नियम विसरण्याचा आहे.

तिसरा_अंक

नियमाचं पटलं. घोड्यांचं नाही पटत. शेवटचा किनारा आठवा. शवपेट्या समुद्रात फेकल्या, जहाज जळालं, उरलेले दोघं दमून वाळूवर पडले आहेत, आणि पाण्यातून टेम्पलर वर येतात. घोडा एकही नाही, वेग तोच गोगलगायीचा, तरीही प्रसंग जमून येतो. कारण सावजाला उठायचंच बळ नाही. मग घोडे नसणं हा मूळ दोष कसा?

मला विचाराल तर खरी खोट प्राध्यापकाच्या पात्रात आहे. जहाज दुसऱ्या मितीत आहे वगैरे तो बोलून सांगतो. त्याने तोंड उघडलं की धुक्याने कमावलेलं सगळं वाया जातं.

काळी_मेणबत्ती

किनाऱ्याचा मुद्दा बिनतोड आहे, माझं म्हणणं दुरुस्त करतो. घोडे नसले तर सावजाचे पाय आधी काढून घ्यायला हवे होते. जहाजावर चढतानाच कुणाचा घोटा मुरगळला असता, तरी मधला अर्धा तास तरला असता.

फ्रेमगणित

आणि जळत्या जहाजाचा तो दूरचा शॉट कापाच. काळ्या पार्श्वभूमीवर एकच खरं, माणसाच्या उंचीचं डोलकाठीचं टोक पेटवायचं, कॅमेरा खालून, समोर धूर. मिनिएचर लागत नाही, जास्तीची फिल्म लागत नाही. तिथून थेट किनाऱ्यावर.