मागीलदारी झावळ्यांचा बार: छप्पर, ओटा आणि सजावट

प्रश्न (पुण्यातला मालवणी)
मालवणजवळच्या आमच्या घराच्या मागीलदारी, विहिरीच्या पलीकडे, साधारण १२ फूट बाय ८ फूट जागा मोकळी आहे. तेथे बांबूचे खांब, वर झावळ्या आणि पुढे ओटा असा, किनाऱ्यावरच्या शॅकसारखा छोटा बार घरच्या मंडळींसाठी उभारण्याचा विचार आहे. जागा दोन माडांच्या मधोमध असल्यामुळे सावली आयतीच मिळते. असे छप्पर आपल्याकडच्या पावसात टिकेल का, ओट्यावर कडप्पा चालेल का, आणि ऑनलाइन मिळणारे टिकी मुखवटे लावले तर कसे दिसतील?

उत्तर (जांभ्या दगड)
सर्वप्रथम माडाखालची जागा सोडा. झावळ्यांच्या छपरातून पडणारा नारळ आरपार येतो आणि तो कधी पडेल, याचा नेम नसतो. दुसरे असे की, ज्या शॅकचा नमुना आपल्या डोळ्यांपुढे आहे, ते गोव्यातही दर वर्षी पावसाळ्यापूर्वी उतरवले जातात. म्हणजे ते मुळात मृगाच्या पावसासाठी बांधलेलेच नसतात. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे खाली मंगळुरी कौले किंवा पत्रा घालून त्यावर केवळ देखाव्यासाठी विणलेल्या झावळ्या बांधाव्यात, त्या दर वर्षी बदलाव्या लागतील हे गृहीत धरावे आणि उतार चांगला तीव्र ठेवावा. केवळ झावळ्यांवरच भिस्त ठेवायची असेल, तर उतार ४५ अंशांपेक्षा कमी नको.

खांबांसाठी आपला माणगा बांबू उत्तम, कारण तो जवळजवळ भरीव असतो. मात्र तो थेट मातीत पुरला, तर वाळवी आणि ओल दोन्ही त्याचा घास घेतात. जांभ्याच्या चिऱ्यांचा फूटभर उंच चौथरा घालून, त्यात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाय बसवून, त्यावर बांबू उभे करावेत. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात बांबू मुरवला, तर घुण लागत नाही. पण हे क्षार पावसाने धुऊन जातात, म्हणून छपराची वळचण किमान दोन फूट बाहेर काढावी. खिळा ठोकल्यास बांबू चिरतो. आधी भोक पाडून बोल्ट बसवावा आणि वरून काथ्याने बांधावे.

उत्तर (फणसाची फळी)
कडप्पा नको. तो चुनखडीचा दगड आहे. बारवर लिंबू पिळले जाणारच, आणि लिंबाच्या आम्लाने त्याची झिलई उडून पांढरट डाग पडतात. काळा ग्रॅनाइट घ्या, किंवा जुन्या घराच्या फणसाच्या फळ्या मिळाल्या, तर त्यांना तेल-पॉलिश करून वापरा. ओट्याची उंची ४२ इंच आणि उंच स्टुलाची ३० इंच ठेवल्यास बसणे सोयीचे होते.

उत्तर (सोलकढी)
मुखवट्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. टिकी म्हणजे पॉलिनेशियातली पूर्वजांची वा देवतांची कोरीव आकृती; १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बारवाल्यांनी तिची शोभेची वस्तू केली. मालवणात ती प्लॅस्टिकमध्ये आणून काय साधणार? इरले, जुने जाळे, करवंट्यांचे दिवे आणि भोवती कर्दळ व हेलिकोनिया एवढे पुरेसे आहे. झावळ्यांखाली मेणबत्ती मात्र मुळीच नको. सौम्य पिवळे एलईडी लावा आणि त्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.

शिवाय, दारूबंदी कायदा १९४९ चा असला तरी लागू आहे. मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि गोव्याहून फेणीच्या बाटल्या परवान्याविना सीमेपार आणणे हा गुन्हा ठरतो. कोकम सरबताला यांतले काहीच लागत नाही.

पुण्यातला मालवणी
आभारी आहे. जागा विहिरीच्या अलीकडे, माडांपासून दूर घेतो. बांबू आमच्याच बेटातले आहेत. गणपतीला येईन तेव्हाच ते तोडून ठेवले तर चालतील का?

जांभ्या दगड
नको. त्या दिवसांत बांबूत पाणी भरपूर असते. थंडीत, पिष्टाचे प्रमाण कमी असताना, किमान तीन वर्षांचे बांबू तोडावेत. घुण त्या पिष्टावरच येतो. गणपतीच्या मुक्कामात चिरे सांगून ठेवा, म्हणजे पाऊस सरताच चौथरा घालता येईल.