मदत हवी आहे: त्वचेच्या लिम्फोमासाठी किमो, हो म्हणू का?

पारावरचा: बाबांना (६७) स्किन लिम्फोमा, म्हणजे त्वचेतला पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, निघालाय. डॉक्टर चार औषधांची किमो म्हणतात, सहा सायकल. शुक्रवारी कळवायचंय. कुणाच्या घरी झालीये का? धीर नको, अनुभव सांगा.

मेथीची जुडी: कुठल्या पांढऱ्या पेशींचा, टी-सेल की बी-सेल? स्टेज? एवढ्यावर कोण काय सांगणार?

सहा पंचावन्न फास्ट: माझ्या मेव्हण्याला हीच चार औषधांची किमो, चॉप (CHOP), दिली होती. सहा सायकलींत खडखडीत बरा, ९ वर्षं झाली. डोळे झाकून हो म्हणा.

मेथीची जुडी: मेव्हण्यांच्या गाठी मानेत होत्या का? मग आजारच वेगळा. बी-सेलचे हिशोब इथे लावू नका.

पारावरचा: मायकोसिस फंगॉइड्स, टी-सेलचाच, स्टेज २बी. सात वर्षं एक्झिमा म्हणून मलमं चोळली. आता मांडीवर लिंबाएवढ्या गाठी आहेत, एक फुटलीये. रोज चादर झटकली की ओंजळभर कोंडा पडतो. रात्री कंगव्याने पाठ खाजवत बसतात.

गावरान वैद्य: फंगॉइड्स म्हणजे बुरशी! कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घाला.

मेथीची जुडी: बुरशीचा काडीचा संबंध नाही. आलिबेर नावाच्या फ्रेंच डॉक्टरला त्या गाठी अळंबीसारख्या दिसल्या, म्हणून ते नाव पडलं.

दुपारचा चहा: माझ्या आईला हाच होता. चॉप दर २१ दिवसांनी. दुसऱ्या सायकलीला गाठी बसल्या, आम्ही पेढे वाटले. शेवटची सायकल होऊन चार महिने झाले नाहीत तोच पुन्हा उठल्या. या आजारात किमोचं असंच होतं, गुण लवकर येतो, टिकत नाही. १९८९ ला अमेरिकेतली १०३ रुग्णांची चाचणी छापून आली होती. एका गटाला सुरुवातीलाच किमो आणि सर्वांगाला इलेक्ट्रॉन बीम (त्वचेपुरतं रेडिएशन), दुसऱ्याला सौम्य उपचार पायरीपायरीने. पूर्ण गुण ३८ टक्के विरुद्ध १८, पण आयुष्य वाढलं नाही. म्हणून चार औषधं एकदम देण्याआधी जेमसिटाबिन किंवा लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन एकेकटं का नको, ते विचारा. बीमचंही विचारा, मोजक्या ठिकाणी होतो. आणि बायप्सीत सीडी३० (पेशींवरचं एक प्रथिन) बघितलंय का? असेल तर त्यावरच नेम धरणाऱ्या ब्रेंटुक्सिमॅब या औषधाचा विचार होतो. महाग आहे, आधीच सांगते.

सहा पंचावन्न फास्ट: म्हणजे डॉक्टर चुकतायत?

दुपारचा चहा: तसं नाही. आजार भराभर पसरत असेल तर चॉपही देतात. का देताय, एवढंच विचारायचं. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का? चॉपमधलं डॉक्सोरुबिसिन हृदयाला जड. आणि किमोने पांढऱ्या पेशींचे काउंट पडलेले असताना ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच इमर्जन्सी गाठायची. फुटलेल्या गाठीतून जंतू आत जातात. आईला किमोपेक्षा तेच जड गेलं.

गावरान वैद्य: चॉपमधलं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीचंच आहे. मग घरच्या पानांचा रस का नको?

मेथीची जुडी: कारण ते शिरेतून मोजून देतात, मिलिग्रॅममध्ये. पोटात रस ओतणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण.

सोनचाफा: महात्मा फुले योजनेत बसतं का बघितलंत?

पारावरचा: योजनेचं माझं मी बघतो. चहाताई, इको झालेला नाही. रिपोर्टचं दुसरं पान आत्ता उघडलं. सीडी३० पॉझिटिव्ह, १५% लिहिलंय. आम्ही पहिल्याच पानावर रडत बसलो होतो. उद्याच फोन करतो.

गावरान वैद्य: सदाफुली गुलाबी की पांढरी, तेवढं तरी सांगा कुणीतरी.