विषय: आईचा जबडा सुजलाय, देवगडहून कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी,

आई देवगडला एकटी असते हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गेला आठवडाभर तिच्या उजव्या जबड्याखाली सूज आहे. व्हिडिओ कॉलवर कधी लिंबाएवढी दिसते, कधी दिसतच नाही. शेजारच्या काकींनी सुंठ-हळदीचा गरम लेप लावला, मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक आणि सुजेच्या गोळ्या दिल्या. ताप नाही. दात दुखतोय का विचारलं तर म्हणते, "दात उरलेत खंय दुखूक!" खालच्या मागच्या दाढा मात्र अजून आहेत. साखर आहे, गोळ्या चालू आहेत.

इथे मेलबर्नमध्ये बसून काही सुचत नाही. कुणी डॉक्टर असतील तर कृपया सांगा.

*

ताई, गालफुगीच वाटते. आमच्या गावी गेरूचा लेप लावायचे, आठवड्यात उतरायची. फार काळजी करू नका.

*

प्रिय मुली,

मी चिपळूणला दातांची प्रॅक्टिस करत होते, आता निवृत्त आहे. फोटोवरून निदान मी करणार नाही, कुणी करत असेल तर ऐकूही नकोस. पण कोणते प्रश्न विचारायचे ते सांगते.

आधी तातडीचं. सूज केवढी आहे यापेक्षा आईला काय जमत नाही हे महत्त्वाचं. तोंड दोन बोटं आत जातील एवढं उघडतं का? स्वतःची थुंकी गिळता येते की लाळ बाहेर गळते? आवाज जाड, घशात काही अडकल्यासारखा झालाय का? जिभेखालचा भाग कडक होऊन जीभ वर उचलली गेलीय का? आडवं पडल्यावर श्वास कोंडतो का? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या. सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकत असेल, थंडी वाजून ताप आला असेल, तरी हेच. साखर असलेल्या माणसात हे सगळं फार वेगाने होतं.

याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या पातळीखाली गेलेली असतात. तिथे पू झाला की तो तोंडात न फुटता थेट हनुवटीखाली, गळ्यात उतरतो. दोन्ही बाजू सुजल्या की श्वासनलिकेवर दाब येतो. याचं वर्णन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये केलं आणि आजही माणसं याने दगावतात, तेही साध्या किडलेल्या दाढेपायी. दाढ ठणकत होती आणि अचानक थांबली, तर ती बरी झाली असं समजू नका. नस मेली असेल किंवा पूला वाट मिळाली असेल.

लेपाबद्दल. हळदीने काही बिघडत नाही, पण पू असेल तर गरम शेक नको. बिब्ब्याचे चटके देऊन गाल भाजून आलेली माणसं मी पाहिली आहेत. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरण्याचीही तीच गत.

आणि मेडिकलवाल्याच्या पट्टीबद्दल माझी जुनी तक्रार आहे. अँटिबायोटिकने सूज बसते, दाढेतला पू तिथेच राहतो. मुळाची सफाई किंवा दाढ काढणं, यापैकी एक केल्याशिवाय तो जात नाही. अर्धवट डोस घेऊन महिनाभराने पुन्हा तीच सूज घेऊन येणारे पेशंट आमच्या दवाखान्यात रोजचे. सुजेच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडावर ताण येतो, तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

गालफुगीचं म्हणाल तर ती सूज जबड्याखाली कमी आणि कानासमोर-कानाखाली जास्त असते, कानाची पाळी वर ढकललेली दिसते. बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेली असते. नाकारत नाही, पण कधी दिसणारी, कधी दिसेनाशी होणारी गालफुगी मी पाहिलेली नाही. सुट्टीत मुलांना घेऊन गावी जाणाऱ्यांनी मात्र त्यांची एमएमआर (गोवर-गालफुगी-रुबेला) लस पूर्ण झालीय का बघा. आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला असते, गालफुगी नसते.

म्हणून मला एवढं कळव: सूज कधी येते आणि कधी जाते? रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे? एनालाप्रिल, रामिप्रिलसारख्या काही गोळ्यांनी ओठ, जीभ, गाल अचानक सुजतात, वर्षानुवर्षं घेत असतानाही. आणि आई मिशरी लावते का?

*

ताई, मनापासून आभार. आत्ताच बोलले. गिळता येतं, तोंड नीट उघडतं, श्वासाचं काही नाही. सूज कधी येते विचारल्यावर म्हणाली, "जेवूक बसलंय काय फुगता, मगे आपसूक उतारता." सगळ्यात जास्त सोलकढी प्यायला लागली की. पहिल्या घोटालाच जबड्याखाली कळ येते, तासाभराने उतरते. लोणच्यानेही तसंच. म्हणून तिने सोलकढीच बंद केलीय! रक्तदाबाची नाही, साखरेचीच गोळी आहे. हाडांसाठी आठवड्यातून एकदा एक गोळी आहे. मिशरी मी लहान असल्यापासून बघतेय.

*

सोलकढीनेच बरंच सांगितलं. आंबट जिभेला लागलं की जबड्याखालच्या ग्रंथीतून लाळ सुटते. तिची नळी जिभेखाली उघडते आणि वरच्या दिशेने चढत जाते, लाळही दाट असते, म्हणून लाळेचे बहुतेक खडे तिथेच होतात. खडा अडला की लाळ तुंबते, जेवताना सूज येते, मग हळूहळू निचरा होतो. अशी शंका आहे, खात्री सोनोग्राफीने. तोवर भरपूर पाणी, जेवणाआधी ग्रंथीवर मागून पुढे हलका मसाज. मेच्या उकाड्यात कमी पाणी पिणाऱ्यांना हा त्रास जास्त. ताप आला, किंवा जिभेखाली पू दिसला, तर त्याच दिवशी दाखवा.

पण मिशरीमुळे मी स्वस्थ बसणार नाही. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दंतवैद्याला सांगा, ती जिथे दाबून ठेवते ती गाल-हिरडीमधली खाच, जिभेची कड आणि जिभेखालचा भाग उजेडात नीट बघायला. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हललेला दात, बधिर झालेला खालचा ओठ, न दुखणारी टणक गाठ, यातलं काही असलं तर सुईची किंवा तुकड्याची तपासणी लगेच. जबड्याखालची गाठ दुखत नाही म्हणून वर्षभर थांबलेली माणसं मी पाहिलीत, तेव्हा दुखत नाही याचा आनंद मानू नका.

आणि हाडांची ती आठवड्याची गोळी कोणती आहे ते पाकिटावरून वाचून घे. अ‍ॅलेंड्रोनेट असेल तर दाढ काढण्याआधी दंतवैद्याला सांगायलाच हवं. क्वचित काढल्या जागी जबड्याचं हाड भरत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका.

*

देवगडच्या मंडळींसाठी: ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवा, तिथून नांदगाव तिठ्यावरून कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय, पुढे ओरोसचं जिल्हा रुग्णालय. फार गंभीर असेल तर आमच्याकडची बरीच माणसं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. पावसात घाटाकडच्या रस्त्यांवर रात्री स्वतःची गाडी काढण्यापेक्षा १०८ बरी. माझा भाऊ कणकवलीत असतो, आईंना घेऊन जाईल. नंबर तुम्हाला वेगळा पाठवतो.

*

दादा, तुमचा भाऊ देवासारखा धावून आला. सोनोग्राफीत ग्रंथीच्या नळीत खडा दिसला. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या टोकाशी आहे, तोंडातूनच काढता येईल, आधी साखर ताब्यात आणू. ती गोळी अ‍ॅलेंड्रोनेटच निघाली, ताई. दंतवैद्यांची वेळ शुक्रवारची मिळालीय, मिशरीची जागा दाखवायला. आई म्हणते खडा सापडला, आता आणखी कशाला. तुमचा मेल मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा कुठे कबूल झाली.