क्षणिक रेडिओ स्फोट अनेक अँटेनांनी कसे टिपले जातात?

प्रश्न
नुकतेच नारायणगावाजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण पाहून आलो. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यभागी, तर उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर विखुरलेल्या आहेत. अवकाशातून येणारा रेडिओ तरंगांचा जो स्फोट जेमतेम काही मिलिसेकंद टिकतो आणि कोठून येणार हे आधी ठाऊक नसते, त्यासाठी ही रचना कशी उपयोगी पडते? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
आपल्या प्रश्नातच खरी अडचण आली आहे. ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास एका अँटेनाला आकाशाचा सुमारे सव्वा अंश रुंदीचा भाग दिसतो. सर्व अँटेनांनी मोजलेली शक्ती नुसती एकत्र केली, तर हे क्षेत्र तेवढेच राहते. परंतु संवेदनक्षमता ३० पट न वाढता ३० च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे साधारण साडेपाच पटच वाढते. याउलट तरंगांच्या कला (चढ-उतारांचे क्षण) जुळवून बेरीज केली, तर पूर्ण ३० पट लाभ होतो, पण दृष्टिक्षेत्र आकसून काही विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) येते आणि स्फोट त्याबाहेर झाला तर तो निसटतो. म्हणून अशा शेकडो अरुंद शलाका, म्हणजे आकाशाचा एकेक छोटा भाग पाहणारी दृष्टिक्षेत्रे, संगणकाने एकाच वेळी तयार करतात, किंवा रुंद क्षेत्रावर पहारा ठेवून प्रत्येक अँटेनाचा मूळ संकेत थोडा वेळ स्मृतीत साठवतात. स्फोट आढळताच तो साठा वाचून दिशा ठरवता येते. ऑस्ट्रेलियातील ३६ अँटेनांच्या अस्कॅप या रेडिओ दुर्बिणीने २०१८ मध्ये एकदाच झालेल्या स्फोटाची दीर्घिका याच मार्गाने शोधली. मला ही युक्ती फार मोलाची वाटते, कारण घडून गेलेल्या क्षणाकडे पुन्हा वळून पाहता येते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग तो संकेत जवळच्या एखाद्या यंत्राचा नाही, हे कसे ठरवतात?

उत्तर २
ही शंका रास्त आहे. ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या एकट्या ६४ मीटर दुर्बिणीला मिळालेले काही फसवे संकेत मुदतीआधी दार उघडलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे होते, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. पहिला खरा स्फोटही तिच्याच २००१ च्या नोंदींत २००७ मध्ये सापडला होता, हे मात्र विसरू नये. अँटेना दूरदूर असल्या, की एकीजवळचा गोंगाट इतरांना तसाच ऐकू येत नाही. शिवाय अवकाशातून येताना वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेचे तरंग मागे पडतात; हा विलंब संकेत दूरवरून आल्याची खूण ठरतो. दर १६.३५ दिवसांच्या चक्राने सक्रिय होणाऱ्या एफआरबी (क्षणिक रेडिओ स्फोट) २०१८०९१६बी या स्रोताचा स्फोट ७५० मेगाहर्ट्झला दिसल्यावर ५५० ला पोहोचायला सुमारे सव्वादोन सेकंद लागतात. जीएमआरटीने त्याचे स्फोट याच पट्ट्यात टिपले आहेत.