मोबाईलवर शिकून पोलीस भरती : तुमचे अनुभव लिहा

गंगापूररोडची
काल नाशिकला त्र्यंबक रोडने येताना पोलीस अकादमीच्या फाटकाशी नव्या फौजदारांच्या घरच्यांची ही गर्दी! एक आजी नऊवारीत, नातवाची टोपी स्वतःच घालून फोटो काढून घेत होत्या. धाकटा भाऊ आठवला. लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडला, मग दिवसा अंबडला कंपनी नि रात्री माळ्यावर मोबाईल, कारण रेंज तिथेच. सोबत मुक्त विद्यापीठाचं बीए. आता मुंबईत शिपाई आहे. तुमच्याकडे कोणी असं शिकलंय का? भरती झाली नसेल तरी लिहा.

निफाडकर
शिपायाला बारावी पुरते की. बीए कशाला?

गंगापूररोडची
फौजदारकीसाठी. एमपीएससीला पदवी लागते, मुक्तची चालते. अजून देतोय परीक्षा. बंदोबस्तात कानात लेक्चर लावतो म्हणे. (साहेबांनी हे वाचू नये.)

सातपूरचा सचोटी
गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण सगळं फुकट व्हिडिओंवर झालं माझं. ९० मिनिटांत १०० प्रश्न, तो वेग टेस्ट सोडवूनच येतो. पण लेखीआधी मैदानी चाचणी असते ना! ५० पैकी निम्मे गुण तर हवेतच, शिवाय एका जागेला दहाच जण लेखीला बोलावतात. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं तर पूर्ण २०. ते कुठलं ॲप पळून देणार?

रात्रपाळी
आमच्या रूममेटने गोळाफेक व्हिडिओ बघून शिकली. गोळा नव्हता म्हणून माठाखालची वीट फेकायचा. घरमालकाने रूम खाली करायला लावली 😂

निफाडकर
७.२६० किलोची वीट कुठे मिळाली त्याला

रात्रपाळी
दोन बांधायचा सुतळीने

लेकीची आई
आमची मुलगी ८०० मीटर छान पळते, अभ्यासही चांगला. उंची १५५ हवी, ती भरत नाही. तरी एकाने उंची वाढवायचा ऑनलाइन कोर्स विकला तिला, दारात लोंबकळायचं म्हणे. पैसे गेले ते गेले, पोरगी आठवडाभर जेवली नाही धड. काय बोलावं कळत नाही.

गंगापूररोडची
ताई, वाईट वाटलं. उंचीवर तिचा काय इलाज! अभ्यास वाया जात नाही, तलाठी, लिपिक यांनाही बराचसा तोच लागतो. तिला सांगा.

पंचवटीकर काका
तुम्ही आज ऑनलाइन म्हणता. मुक्त विद्यापीठ १९८९ चं. माझे मोठे बंधू हवालदार होते, अभ्यासकेंद्रातून पुस्तकं आणायचे नि रविवारी संपर्क वर्गाला जायचे. शनिवारी रात्रपाळी असली की वर्गात सरळ घोरायचे. सरांनी कधी उठवलं नाही, युनिफॉर्मवर असायचे ना! पुढे खात्यातलीच परीक्षा देऊन फौजदार झाले. वहिनी म्हणायच्या, पदवी माझी, डबे मी भरले.

सातपूरचा सचोटी
काका 🙏 वहिनींना फौजदार करा

दिंडोरीहून
द्राक्षांची छाटणी चालू आहे, नीट लिहायला वेळ नाही. एवढंच सांगतो, 'हमखास भरती' बॅच असेल तर पैसे देऊ नका. आमच्या गावातल्या चौघांनी दिले. सर निवड व्हायच्या आधीच ग्रुपमधून गायब. जो लागला तो पाचवा, फक्त जुने पेपर सोडवायचा नि पहाटे कॅनॉलच्या कडेने पळायचा.

निफाडकर
गोडी छाटणी का? आमच्याकडे पावसाने वेलींवर डावणी रोग आलाय.

दिंडोरीहून
हो. सकाळी फवारलं, दुपारी धुऊन गेलं. बोलूच नका.

लेकीची आई
मुलीला वाचून दाखवलं. तलाठीचा अभ्यास कुठून सुरू करायचा विचारतेय.

सातपूरचा सचोटी
ताई, जुने पेपर आहेत माझ्याकडे पीडीएफमध्ये, देतो. आणि पळणं सोडू नको म्हणावं. सकाळी गोल्फ क्लबवर आमचा ग्रुप असतो.

रात्रपाळी
पळून झाल्यावर मिसळ असते तोच ना ग्रुप? 😄

सातपूरचा सचोटी
मिसळ रविवारीच रे. आणि पाव दोनच.